तुरट चूळ

(दृश्य : गॅसची मंद आच. स्टीलच्या पातेल्यातल्या पाण्यात हिरड्याची भरड पडते.)

चूळ भरायला काढा करायचाय. दोन चमचे हिरड्याची, म्हणजे हिरडा या झाडाच्या वाळलेल्या फळाची, भरड आणि दोन पेले पाणी. उकळून पाणी निम्म्यावर यायला हवं. पातेलं स्टीलचंच घ्यायचं. लोखंडी कढईत हा काढा उकळला तर शाईसारखा काळा होतो, आणि पूर्वी हिरड्यापासून खरोखरच शाई करायचे. हिरड्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर, वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास. ते लोखंडाला धरतं, म्हणून हा रंग. टॅनिनचं हे 'धरणं' लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

(दृश्य : गाळणीतून काढा पेल्यात उतरतो. पहिला घोट.)

पहिल्या क्षणी काही कळत नाही. मग गाल आतून दातांकडे ओढल्यासारखे होतात, जीभ खरखरीत लागते, सगळं तोंड आखडतं. याला आपण तुरट चव म्हणतो, पण तो चवीपेक्षा स्पर्श जास्त आहे. लाळ बुळबुळीत असते ती तिच्यातल्या प्रथिनांमुळे. टॅनिन त्या प्रथिनांना धरतं, त्यांच्या गाठी होतात, तोंडातलं वंगण निघून जातं. लाळेतल्या प्रथिनांचं जे होतं, तेच पुष्कळ अंशी जिवाणूंच्या प्रथिनांचंही होतं. काढ्याच्या गुळण्या आणि तोंडातली कीड यांचा संबंध इथे सुरू होतो.

(दृश्य : नखाच्या टोकावर मऊ, पिवळसर पांढरा लगदा. कॅमेरा अगदी जवळ.)

उद्या सकाळी दात घासण्याआधी एवढं करून बघा. खालच्या दातांच्या मुळाशी, हिरडीला लागून, नखानं हलकेच खरवडा. नखावर हा लगदा येईल. कालच्या जेवणाचा अंश असावा असं वाटतं, पण हे बहुतांशी जिवाणू आहेत, स्वतः तयार केलेल्या चिकट थरात दाटीवाटीनं राहणारे. डेंटिस्ट याला प्लाक म्हणतात.

माणसाच्या तोंडात जिवाणूंचे ७०० हून अधिक प्रकार सापडले आहेत. त्यातले बरेचसे निरुपद्रवी, काही तर कामाचे. दोघांची मात्र नीट ओळख हवी. पहिला स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स. याला साखर मिळाली की तो दोन गोष्टी करतो. साखरेचं आम्ल बनवतो, आणि साखरेपासूनच एक डिंकासारखा पदार्थ बनवतो. डिंकानं तो दाताला घट्ट चिकटतो आणि आम्ल तिथल्या तिथे दातावर काम करत राहतं. दातापाशी पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा (जितका कमी, तितकं आम्ल जास्त), साडेपाचच्या खाली गेला की एनॅमलमधली, म्हणजे दाताच्या बाहेरच्या टणक थरातली, खनिजं विरघळायला लागतात. आपण म्हणतो दात किडला. कीड म्हणजे अळी नाही, ती ही झीज आहे.

दुसरा पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस. तो दाताच्या आणि हिरडीच्या मधल्या फटीत, हवा पोचत नाही अशा जागी राहतो. हिरड्या सुजणं, रक्त येणं, पुढे हाडाची झीज आणि हलणारे दात, यामागे जे जिवाणू असतात त्यांत हा महत्त्वाचा.

(दृश्य : कालव्याकाठचं जुनं डच शहर. पितळी पट्टीत बसवलेलं मण्याएवढं भिंग.)

हे जिवाणू पहिल्यांदा पाहिले ते एका कापडाच्या व्यापाऱ्यानं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा आंतोनी व्हान लेव्हेनहूक. स्वतः घासलेल्या भिंगाखाली त्यानं स्वतःच्या दातांवरचा हाच पांढरा लगदा ठेवला आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला, म्हणजे तिथल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेला, त्यानं तसं पत्र लिहिलं.

मला त्या पत्रातला पुढचा भाग फार मोलाचा वाटतो. त्यानं व्हिनेगरनं चूळ भरली आणि दातांवरचा लगदा पुन्हा पाहिला. आत जीव तसेच जिवंत होते. मग त्यानं दातांवरून काढलेल्या लगद्यातच व्हिनेगर मिसळलं, तेव्हा ते लगेच मेले. त्यानं निष्कर्ष काढला की व्हिनेगर मारतं, पण थराच्या आत शिरत नाही.

सव्वातीनशेहून जास्त वर्षं झाली. बाजारात आलेल्या प्रत्येक माऊथवॉशला, आणि आपल्या पातेल्यातल्या काढ्यालाही, लेव्हेनहूकचा हा निष्कर्ष लागू पडतो. जुना, जाड झालेला थर चुळीनं जात नाही. तो घासूनच काढावा लागतो. आणि त्याचं दगडासारखं कीटण झालं असेल तर ब्रशचाही उपयोग नाही, डेंटिस्टकडे जाऊन दात साफ करून घ्यावे लागतात.

मग काढा करतो काय?

(दृश्य : दाताच्या पृष्ठभागाचं ॲनिमेशन. स्वच्छ दात, त्यावर एकेक गोल जिवाणू येऊन बसतो.)

दात घासल्यावर तो फार वेळ उघडा राहत नाही. काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा त्यावर बसतो, आणि त्या पापुद्र्यावर पहिले जिवाणू येऊन टेकतात. अजून डिंक तयार झालेला नाही, थर साचलेला नाही. काढा खरा उपयोगी पडतो तो या टप्प्यावर, थर जाड होण्याआधी. हिरडा, बेहडा, आवळा, डाळिंबाची साल, बाभळीची साल, पेरूची पानं, सगळ्यांत टॅनिन आहे. ते जिवाणूंच्या बाहेरच्या प्रथिनांना धरतं, त्यामुळे त्यांना दाताला चिकटणं अवघड होतं. आणि म्युटन्स ज्या एन्झाइमच्या जोरावर साखरेचा डिंक करतो, ते एन्झाइम म्हणजेसुद्धा एक प्रथिनच. टॅनिन त्यालाही धरतं. प्रयोगशाळेत अशा अर्कांनी हा डिंक कमी होताना दिसला आहे.

नुसत्या प्रयोगशाळेवर विसंबू नये हे खरं. बशीतल्या जिवाणूंना मारणं सोपं असतं, तोंडात लाळ सारखी वाहत असते. म्हणून माणसांवर झालेले अभ्यास पाहावे लागतात. भारतात झालेला असा एक मोठा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. आठ ते बारा वर्षांची १४३१ शाळकरी मुलं त्यात होती. काहींना त्रिफळ्याची, म्हणजे हिरडा-बेहडा-आवळ्याची चूळ, काहींना क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक औषध, काहींना साधं शुद्ध केलेलं पाणी. नऊ महिन्यांनंतर दातांवरचा थर आणि हिरड्यांची सूज या दोन्हींत त्रिफळा आणि क्लोरहेक्सिडिन जवळपास बरोबरीनं उतरले.

(दृश्य : औषधाच्या दुकानातलं कपाट. बाटल्यांच्या रांगा.)

क्लोरहेक्सिडिनशी बरोबरी म्हणजे काय, हे कळायला त्याचा इतिहास थोडा माहीत हवा. १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हुसला हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू केल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. हिरड्यांची सूज वयामुळे किंवा 'उष्णतेमुळे' येत नाही, साचलेल्या थरामुळे येते, हे त्या साध्या प्रयोगानं दाखवलं. पुढे १९७० साली ल्यो आणि श्योट यांनी दाखवलं की ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिननं दिवसातून दोनदा चूळ भरली तर ब्रश न करताही थर साचत नाही. तेव्हापासून चुळीसाठीच्या नव्या औषधाची तुलना बहुधा त्याच्याशीच होते.

औषध जबरदस्त आहे, पण रोजचं नाही. काही दिवसांनी दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बदलते. आणि ते निवडून मारत नाही. २०१३ साली लंडनच्या एका अभ्यासात १९ निरोगी माणसांनी सात दिवस क्लोरहेक्सिडिनच्या चुळा भरल्या आणि त्यांचा रक्तदाब थोडासा, दोन-तीन अंकांनी, वाढला. पालक, बीट यांतलं नायट्रेट आपल्या लाळेत उतरतं आणि जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. त्यातूनच रक्तवाहिन्या सैल करणारा वायू शरीरात तयार होतो. ते जिवाणू मेले की ही साखळी तुटते.

काढा चांगल्या जिवाणूंना अजिबात धक्का लावत नाही, असा दावा मी करणार नाही. पण सरसकट मारत सुटण्यापेक्षा वाईटांना चिकटू न देणं हा रस्ता रोजच्यासाठी मला जास्त पटतो. दाढ काढल्यावर किंवा हिरडीच्या शस्त्रक्रियेनंतर डेंटिस्टनं क्लोरहेक्सिडिन लिहून दिलं असेल, तर मात्र तेच, सांगितलेले दिवस वापरायचं. तिथे काढा त्याची जागा घेत नाही.

(दृश्य : तळहातावर ओवा. दुसऱ्या हातानं चोळून फुंकर.)

वनस्पतींचा दुसरा मार्ग तेलांचा. ओवा चोळला की जो झणका नाकात जातो तो थायमॉलचा. त्याचे पांढरे खडे आपल्याकडे 'ओव्याचं फूल' म्हणून मिळतात. थायमॉल जिवाणूच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतं. १८७९ साली अमेरिकेत शस्त्रक्रियेसाठी जंतुनाशक म्हणून लिस्टरीन तयार झालं, त्यात थायमॉल होतं, आजही आहे. जोडीला निलगिरी आणि पुदिन्यातले अर्क. पहिल्या महायुद्धाआधी जर्मनीत थायमॉल काढलं जायचं ते बरंचसं भारतातून गेलेल्या ओव्यापासून. परदेशी बाटलीतला तो वास आपल्या फोडणीच्या डब्यातला आहे, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

लवंगेतलं युजेनॉलही याच घराण्यातलं. दाढदुखीवर लवंग धरायचं घरोघरी माहीत असतं, आणि डेंटिस्टसुद्धा झिंक ऑक्साइडबरोबर युजेनॉल मिसळून दातात भरतात. पण लवंगेचं निखळ तेल हिरडीला लावू नका. भाजतं, पांढरा चट्टा पडतो. अशी तेलं लहान मुलांच्या हाती तर अजिबात लागू देऊ नयेत. थोडंसं पोटात गेलं तरी प्रकृती बिघडू शकते.

(दृश्य : अंगणातला नळ. तांब्या. कुणीतरी चूळ भरतंय.)

चूळ भरण्याचंही शास्त्र होतं आपल्याकडे. सुश्रुतसंहितेत दोन प्रकार सांगितलेत. तोंडात खुळखुळवता येईल एवढं घेतलं तर तो कवल, हलवायलाही जागा राहू नये इतकं तोंड भरून धरलं तर गंडूष. आपल्याला कवल पुरे. एक घोट, अर्धं मिनिट, दातांच्या फटींतून पाणी ओढून काढल्यासारखं खळखळवायचं आणि थुंकायचं. ब्रश झाल्याझाल्या लगेच नको, नाहीतर टूथपेस्टमधलं फ्लोराइड धुऊन जातं. दुपारच्या जेवणानंतरची वेळ उत्तम. काढा रोजचा रोज करावा. त्यात टिकण्यासाठी काही घातलेलं नसतं, दुसऱ्या दिवशी तो आंबतो, आणि ज्या जंतूंशी लढायचं तेच पेल्यात वाढवून ठेवल्यासारखं होतं. थुंकता येत नाही अशा लहानग्यांना कुठलीच चूळ देऊ नये.

(दृश्य : चुलीजवळ तवा. त्यावर काळपट भुकटी. चेहरा दिसत नाही, फक्त बोटं.)

आता एक गोष्ट, जिच्यासाठी मी ही फिल्म करायची असं आधीपासून ठरवलं होतं. मशेरी. तंबाखू तव्यावर भाजायची, कुटायची आणि बोटानं दातांना चोळायची. आमच्या घरातही मशेरीचा डबा होता, चुलीमागच्या फळीवर. दात घासायला म्हणून सकाळी लावायची, मग दुपारी, मग झोपताना. तीही झाडाचीच, घरीच केलेली. 'नैसर्गिक आहे, काय होतंय' हे वाक्य मी पहिल्यांदा मशेरीबद्दलच ऐकलं. तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो, भाजली म्हणून ती सौम्य होत नाही. तिनं दुखरी हिरडी बधिर वाटते, म्हणून बाईला वाटतं आराम पडला, आणि आत आजार वाढत राहतो. तुमच्या घरात आई, मावशी, आजी मशेरी लावत असेल तर आज तिला तोंड उघडायला लावून बॅटरीच्या उजेडात बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरलेली जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काही दिसलं तर काढा नाही, गुळण्या नाहीत, थेट दवाखाना.

(दृश्य : सह्याद्रीची उतरण. आंबेगाव तालुका, भीमाशंकरच्या बाजूचा डोंगर.)

पातेल्यातला हिरडा येतो तो अशा डोंगरांतून. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबं उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतात. बाळहिरडा म्हणजे आत बी धरण्याआधीचं कोवळं फळ. हिरवं असतं, उन्हात वाळून सुरकुततं, काळं पडतं. भातशेती पावसावरची, त्यामुळे वर्षातला रोख पैसा बराचसा या फळावर अवलंबून. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा इथे हिरड्याची झाडं मुळासकट पडली. हिरड्याचं झाड काही एका पावसात पुन्हा उभं राहत नाही. ज्यांची झाडं गेली त्यांना भरपाईसाठी आंदोलनं करावी लागली. माऊथवॉशच्या बाटलीवर हिरड्याचं चित्र असतं, या डोंगराचं नाव कुठे नसतं. मला ते असायला हवं वाटतं.

(दृश्य : अंगणात पसरलेला हिरडा, अर्धा हिरवा, अर्धा काळा. पश्चिमेकडून ढग. दोन बायका आणि एक मुलगी घाईनं गोळा करतायत.)

वळवाचे थेंब पडायला लागलेत. वाळत आलेला हिरडा भिजला तर त्याला बुरशी धरते आणि भाव पडतो. मुलीनं सूप पुढे केलंय, मोठी बाई दोन्ही हातांनी ओढतेय. कोपऱ्यातले चार हिरडे राहिलेत, मुलगी परत धावत जाते.