रक्ताचा थेंब आणि दहा मिनिटं

नमस्कार श्रोतेहो. आज सिकलसेलबद्दल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या करणाऱ्या आनुवंशिक आजाराबद्दल बोलायचं आहे. नागपुरातून या आजाराची पहिली शास्त्रीय नोंद १९५८ साली शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी केली. तेव्हापासून गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या सगळ्या पट्ट्यातली दुखणाईत लेकरं आपल्या मेडिकलपर्यंत, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यापर्यंत येतच आहेत.

गावातल्या शिबिरात सोल्युबिलिटी चाचणी होते. द्रावणात रक्त टाकलं आणि ते गढूळ झालं, की सिकलचं हिमोग्लोबिन आहे एवढं कळतं. पण माणूस नुसता वाहक आहे (म्हणजे आई किंवा बाप एकाकडूनच दोष आलेला, स्वतः सहसा आजारी नसलेला) की रुग्ण, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जातो. रिपोर्ट येतो तोवर बाई धानाच्या रोवणीला, नाहीतर दुसऱ्या जिल्ह्यात कामाला गेलेली असते. माझ्या मते आपलं खरं नुकसान इथेच होतं.

म्हणून मला मायक्रोफ्लुइडिक चिपचं मोल वाटतं. बोटभर लांबीच्या पट्टीवर अख्खी प्रयोगशाळाच मांडलेली असते म्हणा ना! अशा काही चिपांमध्ये केसाएवढ्या बारीक नळ्या असतात, काहींमध्ये खास कागद. सिकलसाठी अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात तयार झालेली चिप कागदाची आहे. तिच्यामागचं तत्त्व जुनंच. हिमोग्लोबिन हे प्रथिन अमिनो आम्लांच्या साखळ्यांचं बनलेलं असतं. सिकलच्या हिमोग्लोबिनमध्ये त्यातल्या बीटा नावाच्या साखळीच्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरंच अमिनो आम्ल येतं. त्यामुळे त्याचा विद्युतभार बदलतो आणि वीज सोडली की ते निरोगी हिमोग्लोबिनच्या मागे पडतं. हा फरक अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्येच दाखवला होता. आता तेच काम बॅटरीवर, बोटातून काढलेल्या थेंबावर, दहा मिनिटांच्या आत होतं. एक पट्टा ए चा, म्हणजे निरोगी हिमोग्लोबिनचा, एक एस चा, म्हणजे सिकलच्या हिमोग्लोबिनचा. दोन्ही दिसले तर साधारणपणे वाहक, ए नसून एस दिसला तर रुग्ण.

काही गोष्टी मात्र सांभाळायच्या. तान्ह्या बाळाच्या रक्तात गर्भातलंच हिमोग्लोबिन जास्त असतं, म्हणून त्याची तपासणी सहा महिन्यांनंतर पुन्हा करून घ्या. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल, तर तेही आधी सांगा, नाहीतर चिप फसते.

२०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवून. त्या गर्दीत मला सगळ्यात आधी गरोदर बाई दिसते. ती वाहक निघाली, तर सोबत आलेल्या नवऱ्याचं बोट तिथल्या तिथे टोचता आलं पाहिजे. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल सिकलग्रस्त होण्याची शक्यता चारात एक. हे त्यांना त्याच दिवशी, त्याच बाकावर, आपल्या बोलीत समजावून सांगणारी आशाताई किंवा समुपदेशक तिथे हवी. आणि रुग्ण निघालेल्या लेकरासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, आजाराचा त्रास कमी करणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या त्याच आरोग्य केंद्रात मिळायला हव्यात.