वारा तोंडावर घेऊन
(इंदूर येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार बंद झाली आणि ती बंदच राहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आज मी बोलणार आहे ते अमेरिकेतील शिकारीविषयी. हंगाम ठरवून आणि परवाने देऊन तिथे धनुष्यबाणाने हरणाची शिकार करू दिली जाते, आणि नोकरीनिमित्त तिथे राहत असताना मी ती केलेली आहे. आपल्या रालामंडळच्या टेकडीवर होळकरांची शिकारकोठी आजही उभी आहे. संस्थानी शिकारीत हाके असत, मचाणे असत, बंदुका असत. मी ज्या प्रकाराविषयी बोलतो आहे, त्यात माणूस एकटा आणि पायी असतो, आणि हरणापासून वीस-तीस यार्डांच्या आत पोचल्याशिवाय त्याच्या हातातील धनुष्याचा काही उपयोग नसतो. या एका अटीमुळे त्याला हरणाचे नाक, डोळे आणि कान यांचा जितका बारकाईने अभ्यास करावा लागतो, तितका बंदूकवाल्याला सहसा करावा लागत नाही.

अमेरिकेत ही विद्या मूळ रहिवाशांची. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ऑरोव्हिल येथे यही जमातीचा अखेरचा माणूस, इशी, बाहेरच्या जगापुढे आला. सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्यावर उपचार करणारे शल्यचिकित्सक सॅक्सटन पोप त्याच्याकडून धनुष्य घडवायला आणि जनावराच्या जवळ जायला शिकले. इशी १९१६ मध्ये क्षयाने वारला. पोप यांच्यामुळे ही विद्या पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचली, आणि १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने धनुष्याने हरणाची शिकार करण्यासाठी स्वतंत्र हंगाम सुरू केला.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे वाऱ्याकडे येतो. तुम्ही दिसलात तर हरीण थांबून खात्री करून घेते, आवाज आला तरी क्षणभर कान टवकारते. पण तुमचा वास लागला की त्याला दुसरा पुरावा लागत नाही. म्हणून वारा तोंडावर घेऊनच चालायचे असते. डोंगराळ मुलखात मात्र वाऱ्याखेरीज हवेचे आणखी एक येणे-जाणे असते. उन्हे चढेपर्यंत थंड हवा उताराने खाली सरकत राहते, जमीन तापली की तीच वर चढू लागते आणि संध्याकाळी पुन्हा खाली उतरते. आपल्या इंदूरजवळच्या चोरल किंवा जानापावच्या बाजूला पहाटे भटकणाऱ्यांनी ही उतरती हवा अंगावर घेतलेली असेल. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या डोंगरांत म्यूल डिअर जातीचे हरीण दिवसा कड्याच्या सावलीत, खालचा उतार नजरेखाली ठेवून बसते. जाणता शिकारी सकाळी ते कुठे बसते एवढेच दुर्बिणीतून पाहून ठेवतो, लांबचा वळसा घालून माथ्यावर जातो आणि हवा वर चढू लागल्याची खात्री पटल्यावरच वरून उतरतो. दोन प्रवाहांच्या अदलाबदलीचा वेळ सर्वांत फसवा, कारण तेव्हा हवा कुठेही वळते; त्या वेळात बसून राहणे हेच उत्तम. हवा कुठे वाहते ते पाहण्यासाठी तिथले जुने शिकारी खिशात मिल्कवीडच्या शेंगेतील कापूस बाळगतात. आपल्या रुईच्या म्हाताऱ्या त्याच कुळातल्या. बाजारात मिळणारी भुकटी हवेत दोन-चार हातांवर विरून जाते, पण एक म्हातारी सोडली की ती पुढच्या झाडापाशी कुठे वळते तेही दिसते.

डोळ्यांबाबत गैरसमज फार आहेत. हरणाला निळा रंग चांगला दिसतो, तांबडा आणि नारिंगी मात्र नीट ओळखता येत नाही. त्यामुळे कपड्यांच्या रंगापेक्षा शरीराची हालचाल अधिक घातक ठरते. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने पाठीमागचा थोडा भाग सोडला तर त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. चालणे म्हणजे दोन-तीन पावले टाकायची आणि मग बराच वेळ झाडाच्या सावलीत उभे राहायचे. पाऊल बाहेरच्या कडेने टेकवायचे, खाली काटकी नाही हे तळव्याला कळले की मगच त्यावर भार द्यायचा. वाऱ्याची झुळूक येऊन पाने सळसळतील तेवढ्यातच पुढे सरकायचे. अखेरच्या टप्प्यात कित्येक जण बूट काढून नुसत्या मोज्यांवर जातात.

एवढे करूनही मादीला संशय येतोच. ती मान उंचावून टक लावते, दोन्ही कान तुमच्यावर रोखते, पुढचा पाय उचलून जमिनीवर आपटते. मग चरण्यासाठी मान खाली घालते आणि गवताला तोंड लागायच्या आत झटक्याने वर करते. हे चरणे खोटे असते. हललेले काही पकडावे यासाठी ती ते करते, आणि नवखा माणूस नेमका तेव्हाच हात हलवतो. जबडा खरोखर हलू लागला आणि कान पुन्हा आपापल्या दिशांना फिरू लागले, की ती निवळली असे समजावे. धनुष्य ओढायचे ते तिचे डोके झाडाच्या बुंध्याआड गेल्यावरच.

आणि ओढले म्हणून सोडलेच पाहिजे असे नाही. आधुनिक कंपाउंड, म्हणजे टोकांना कप्प्या बसवलेल्या धनुष्याचा बाण सेकंदाला सुमारे २८० फूट जातो, तर आवाज ११०० फुटांहून अधिक. तीस यार्डांवरच्या हरणाला दोरीचा आवाज बाणाच्या जवळजवळ पाव सेकंद आधी पोचतो, आणि तेवढ्यात ते उसळी घेण्यासाठी खाली दबते. सावध हरणावर म्हणूनच बाण सोडू नये, समोरून तोंड करून उभ्या असलेल्यावरही नाही. ते आडवे किंवा किंचित पाठमोरे असेल, तरच बाण दोन्ही फुप्फुसांतून जाण्याची शक्यता चांगली असते. रक्तस्राव होऊन मरणाऱ्या जनावराच्या यातना कमी करण्याचा दुसरा मार्ग माझ्या मते नाही.

बाण लागल्यावर धावत सुटणे हा जनावरावर अन्याय आहे, कारण पाठलाग झाला की जखमी हरीण मैलभर जाते आणि हाती न लागता मरते. बाण जिथे लागला तिथे खूण करायची आणि रक्त पाहायचे. फेसाळ, गुलाबीसर रक्त फुप्फुसांचे असते. तेव्हा अर्धा तास थांबून माग काढला तर हरीण बहुधा जवळच पडलेले सापडते. गडद रक्त यकृताचे असू शकते, त्याला काही तास द्यावेत. बाणाला हिरवट, घाण वासाचा द्रव लागलेला असेल तर जखम पोटात आहे; तेव्हा आठ-बारा तास त्या दिशेला फिरकायचे नाही आणि नंतर जोडीदाराला घेऊन, रक्ताचा प्रत्येक ठिपका खुणावत, हरीण मिळेपर्यंत शोध घ्यायचा.