खडीवर चढलेली साय

[दृश्य: प्लांटचा ड्रायर, गरम खडी मिक्सरमध्ये पडते आहे]

डांबरी रस्त्याच्या मालासाठी ड्रायरमधून निघालेली ही खडी १६५ अंश सेल्सिअसला तापली आहे. डांबर अजून पडलेलं नाही. त्याआधी मिक्सरमध्ये जातंय चिरलेलं प्लॅस्टिक: दुधाच्या पिशव्या, कॅरीबॅगा. तुकडा २.३६ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडलाच पाहिजे. मोठा राहिला तर नीट वितळत नाही, गोळी होऊन मालात तसाच राहतो.

[जवळून: चिमट्यात धरलेला खडीचा दाणा]

हा दाणा पाहा. अर्ध्या मिनिटापूर्वी तो कोरडा, राखाडी होता. आता तेलाचा हात फिरवावा तसा चकाकतोय. ही वितळलेल्या प्लॅस्टिकची साय. दगडाची बारीक छिद्रं तिनं बुजवली, पाण्याची वाट अडवली. मागून येणारं डांबर आता दगडाऐवजी या सायीला धरतं, आणि ती पकड जास्त घट्ट असते.

प्लॅस्टिक थेट डांबराच्या टाकीत टाकलं, तर ते वेगळं होऊन वर येतं, सतत ढवळत बसावं लागतं. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी म्हणूनच खडीवर आधी प्लॅस्टिक चढवण्यावर भर दिला; हीच कोरडी पद्धत. रस्तेबांधणीचे मानदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनं २०१३ साली या कोरड्या पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०१८ साली वासुदेवन यांना पद्मश्री मिळाली.

[दृश्य: वजनकाटा, प्लॅस्टिकची गोणी]

प्रमाण डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के. एक टन मालात ५० किलो डांबर धरलं, तर ८ टक्क्यांनी प्लॅस्टिक ४ किलो, आणि डांबर तेवढंच कमी. दहा टनांच्या डंपरमागे ४० किलो.

[दृश्य: कचरा निवडणारे हात]

खरं काम या टेबलावर होतं. पीव्हीसीचा, म्हणजे पाइपांच्या प्लॅस्टिकचा, एक तुकडाही चालत नाही. तापला की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, डोळे-घसा जाळतो. ओली पिशवीही नको. तिच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि साय फुटते. आग वाढवून वेळ वाचवायचा मोह तर अजिबात नको: खडी जास्त तापली की डांबर करपतं, ठिसूळ होतं.

[दृश्य: पेव्हर, मागे रोलर]

प्लॅस्टिकनं माल ताठ होतो, म्हणून रोलर पेव्हरच्या, म्हणजे माल पसरणाऱ्या यंत्राच्या, पाठोपाठच हवा. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचा माल पसरताना १४० अंशांच्या खाली नको, आणि रोलिंग ९० च्या आत उतरण्यापूर्वी आटपायला हवं. डंपरवर ताडपत्री नसेल तर वाटेतच माल थंडावतो, मग कितीही फेऱ्या मारा, पोकळी राहतेच. रस्ता झिजला की धुळीबरोबर प्लॅस्टिकचे कणही ओढ्यापर्यंत जाऊ शकतात.

[जवळून: पाण्यानं भरलेली दोन चंचुपात्रं]

दोन्हींत डांबर माखलेली खडी. पाण्यात डांबर सुटतं का, ते पाहायचंय. पाणी ४० अंशांवर, मुदत २४ तास. डावीकडे नुसतं डांबर, उजवीकडे आधी प्लॅस्टिक चढवलेली.

झाकण काढूया.