उजेड बदलतोय की मागचं बॅकग्राउंड?

मंडळी, मला नेहमी विचारतात की लाइट भराभर बदलत असेल तर फोटो काढताना कॅमेऱ्याचा कुठला मोड लावायचा. मी उलट विचारतो, नक्की बदलतंय काय? पक्ष्यावर पडणारा उजेड, की नुसतं त्याच्या मागचं बॅकग्राउंड? ह्या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, पण कॅमेऱ्यातल्या, उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा दोन्ही वेळा सारखाच नाचतो म्हणून आपली गल्लत होते.

आपल्या दापोलीचं मुरूड घ्या. थंडीत सीगल येतात, सकाळी ऊन चांगलं वर आलेलं असतं, थवा उठतो, आधी मागे आकाश, मग समुद्र, मग वळून थेट सुरूच्या बनासमोरून जातो. पक्ष्यावरचं ऊन तेवढंच आहे हो! पण मीटर समोर दिसेल ते सगळं मधल्या राखाडीच्या, साधारण 18 टक्क्यांच्या हिशोबाने मोजतो, त्यामुळे अपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचं भोक, म्हणजे अपर्चर, आपण ठरवायचं आणि शटरचा वेग कॅमेऱ्याने) असाल तर आकाशासमोर पक्षी काळवंडतो आणि त्या गडद सुरूसमोर पांढरे पंख जळतात, म्हणजे तपशील जाऊन नुसते पांढरे दिसतात, आणि पूर्ण जळालेले पंख कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या रॉ फाइलमधूनही परत मिळत नाहीत. इथे सरळ मॅन्युअल, म्हणजे शटर आणि अपर्चर दोन्ही आपणच ठरवायचं, आयएसओसुद्धा (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील तो आकडा) फिक्स. भर उन्हाचा जुना नियम म्हणजे अपर्चर एफ/16 ला जेवढा आयएसओ तेवढंच शटर, म्हणजे आयएसओ 400 ला 1/400 सेकंद, त्यावरून आयएसओ 400 आणि एफ/8 ला 1/1600 येतं, पांढऱ्या पक्ष्याला मी 1/2000 पासून सुरू करतो, ऊन कोवळं असेल तर शटर थोडं हळू करायचं. एक फ्रेम काढा, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-काळोखाचा आलेख) बघा, मग थवा कुठेही जाऊदे, डायलला हात लावायचा नाही.

आता श्रावण. घटकेत ऊन, घटकेत काळा ढग, इथे खरोखर उजेडच बदलतोय, तुम्ही डायल फिरवेपर्यंत घार मासा घेऊन गेलेली असते. मग शटर आणि अपर्चर आपण ठरवायचं, उडत्या पक्ष्याला किमान 1/1000, आणि आयएसओ ऑटो. पेंटॅक्सने 2006 च्या के10डी मध्ये ह्यासाठी टीएव्ही नावाचा वेगळा मोडच दिला, बाकी बऱ्याच कॅमेऱ्यांत मॅन्युअलमध्येच ऑटो आयएसओ चालू करता येतो. पण एक्सपोजर पुन्हा मीटरच्या हातात गेलं हे विसरू नका, मागे पांढरं आकाश असेल तर प्लस एक कॉम्पेन्सेशन (मीटर सांगतो त्यापेक्षा एक स्टॉप, म्हणजे दुप्पट एक्सपोजर) द्यावंच लागतं, सुरूसमोर मायनस. काही जुन्या कॅमेऱ्यांत मॅन्युअलमध्ये कॉम्पेन्सेशन चालतच नाही, ते घरीच तपासून घ्या.

हर्णे बंदरावरचा संध्याकाळचा लिलाव मात्र मी अपर्चर प्रायॉरिटीवरच करतो. माणसं त्यामानाने हळू हलतात, उजेड हळूहळू उतरत जातो, एफ/4 ठेवायचं आणि ऑटो आयएसओच्या मेनूत मिनिमम शटर 1/250 टाकायचं, नाहीतर सूर्य बुडाल्यावर शटर गुपचूप 1/30 वर येतं आणि टोपलीवरचे हात पुसट होतात. शटर प्रायॉरिटी (शटर आपण ठरवायचं, अपर्चर कॅमेऱ्याने) मी फक्त पॅनिंगला, म्हणजे हलत्या गोष्टीबरोबर कॅमेरा फिरवून फोटो काढायला वापरतो, कारण फिक्स आयएसओवर उजेड कमी झाला की लेन्स पूर्ण उघडूनही फोटो काळाच येतो.

कॅमेऱ्यावर सी1, सी2 किंवा यू1, यू2 (आपली सेटिंग्ज साठवून ठेवायचे मोड) असेल तर एकावर पूर्ण मॅन्युअल आणि दुसऱ्यावर ऑटो आयएसओवालं सेटिंग आजच सेव्ह करा, आणि खाडीवरच्या बगळ्यांवर डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता बदलायची सवय करा, बगळे बारा महिने असतात.