पैसा नाही, मग वाटप कोण करतं?

श्रोतेहो, नमस्कार.

‘स्टार ट्रेक’ या अंतराळातल्या विज्ञानकथांच्या मालिकेतल्या १९९६ च्या ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’ चित्रपटात कॅप्टन पिकार्ड सांगतो, चोविसाव्या शतकात पैसा उरलेलाच नाही. हे स्वप्न मला मनापासून आवडतं, म्हणूनच त्यातल्या विसंगती खटकतात.

याच पिकार्डच्या घराण्याचा फ्रान्समध्ये द्राक्षमळा आहे. रेप्लिकेटर नावाचं यंत्र हवं ते जेवण क्षणात समोर ठेवतं, मान्य. पण मळ्याची जमीन यंत्रातून निघत नाही. मग ती पिकार्डांकडेच कशी? वारसाहक्कानं? याच मालिकेतल्या कॅप्टन सिस्कोच्या वडिलांचं न्यू ऑर्लीन्समध्ये रेस्टॉरंट आहे. ते हौसेनं रांधत असतील, पण हौसेनं टेबलं पुसणारे किती मिळतात? कथा तिकडे वळतच नाही. आणि सिस्कोच्या मुलाला वडिलांसाठी लिलावातली एक वस्तू हवी असते, तेव्हा लॅटिनमसाठी, म्हणजे तिथे चालणाऱ्या चलनासाठी, त्याला मित्रापुढे हात पसरावा लागतो!

उद्या पुण्यातून पैसा नाहीसा झाला, तरी सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात स्वरमंचासमोरची जागा काही वाढणार नाही. ती कोणाला द्यायची? रांगेत आधी उभा राहिला त्याला, चिठ्ठी निघाली त्याला, की ज्याची ओळख आहे त्याला? पैसा गेला की वशिल्याचा भाव वाढतो, ही माझी खरी भीती आहे.

उर्सुला ले ग्विन यांनी ती ओळखली होती. १९७४ च्या ‘द डिस्पझेस्ड’ कादंबरीतल्या ॲनारेस नावाच्या जगात पैसा नाही, पण दुष्काळ आहे. तिथल्या शेवेक या भौतिकशास्त्रज्ञाला संशोधन छापून आणायचं, तर साबुल या ज्येष्ठाची मर्जी सांभाळावी लागते. वर साबुल स्वतःचं नावही सहलेखक म्हणून घालतो. मला ही कादंबरी सर्वांत प्रामाणिक वाटते.

त्याही आधी, १८८८ मध्ये, एडवर्ड बेलामी यांनी आपल्या कादंबरीत सन २००० चं बॉस्टन रंगवलं. तिथे प्रत्येकाला वर्षाला सारखंच क्रेडिट मिळतं आणि खरेदी कार्डावर होते. म्हणजे हिशेब आलाच. पण जड कामाला माणसं मिळेनात, तर त्या कामाचे तास कमी करायचे, हे उत्तर त्यांनी निदान शोधलं.

डॉ. जयंत नारळीकरांच्या या शहरात विज्ञानकथा लिहिणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे. तेविसाव्या शतकातलं पुणे रंगवताना यंत्रांचं वर्णन दोन ओळींत आटपा. नदीकाठचं घर कोणाला मिळालं, कोणी दिलं आणि तुंबलेलं ड्रेनेज मोकळं करायला कोण गेलं, ते मात्र सविस्तर लिहा.