श्यानतेचं एकक बदलताना

मंडळी, आधी एक प्रश्न. हवा जास्त श्यान, म्हणजे वाहायला जास्त विरोध करणारी, की पाणी? हसू नका, तक्ते उघडून बघा. २० अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता १.००२ मिलिपास्कल-सेकंद आणि हवेची ०.०१८. म्हणजे पाणी पंचावन्न पट पुढे. आता शेजारचा तक्ता घ्या. तिथे पाणी १ सेंटिस्टोक आणि हवा चक्क १५! दोन्ही तक्ते बरोबरच आहेत. पहिला डायनॅमिक श्यानतेचा आहे. द्रवाचा एक थर दुसऱ्यावरून सरकवायला किती जोर लागतो, ते ती सांगते. दुसरा कायनेमॅटिक श्यानतेचा, म्हणजे तोच आकडा घनतेने भागलेला. हवेची घनता पाण्याच्या आठशेव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणून तिचा भागाकार फुगतो.

सेंटिपॉइज (डायनॅमिकचं एकक) आणि सेंटिस्टोक (कायनेमॅटिकचं) ही एकाच गोष्टीची दोन मापं नव्हेत, हे एवढ्यासाठी आधी सांगितलं. पाण्याच्या बाबतीत दोन्ही आकडे १ च्या जवळ येतात आणि त्यातूनच घोळ सुरू होतो. ग्लिसरीन घ्या. २० अंशांना ते सुमारे १४०० सेंटिपॉइज, घनता १.२६, म्हणजे ११०० च्या वर सेंटिस्टोक. तीनशेचा फरक पंपाच्या हिशेबात खपत नाही.

एकाच जातीतलं रूपांतर मात्र अगदी सरळ आहे. रक्त बारीक नळ्यांतून कसं वाहतं याच्या शोधात असलेल्या प्वाझय या फ्रेंच डॉक्टरच्या नावावरून पॉइज आलं. १ पॉइज म्हणजे ०.१ पास्कल-सेकंद, म्हणून १ सेंटिपॉइज बरोबर १ मिलिपास्कल-सेकंद. भौतिकशास्त्रज्ञ स्टोक्स यांच्या नावाचं १ सेंटिस्टोक म्हणजे १ चौरस मिलिमीटर प्रतिसेकंद. पाठ करायला दोनच ओळी.

फूट-पौंडाच्या पद्धतीत एक खड्डा आहे. तिथे पौंड वस्तुमानाचाही असतो आणि बलाचाही. वस्तुमानाचा धरला तर १ पौंड प्रति फूट-सेकंद म्हणजे १.४८८ पास्कल-सेकंद. बलाचा धरला तर १ पौंड-सेकंद प्रति चौरस फूट म्हणजे ४७.८८. दोन्हींत ३२.१७४ पटींचं अंतर, आणि हा आकडा म्हणजे फुटांतलं गुरुत्वत्वरण. जुन्या कागदावर नुसता ‘पौंड’ दिसला, तर एकक पूर्ण वाचल्याशिवाय कॅल्क्युलेटरला हात लावू नये.

खरी गंमत सेकंदांत आहे. सेबोल्टच्या उपकरणात ६० मिलिलीटर तेल ठरावीक भोकातून खाली उतरायला किती सेकंद लागले, ते मोजतात. तो वेळ हीच श्यानता! ब्रिटनमध्ये रेडवूड, जर्मनीत एंग्लर, प्रत्येकाचं भांडं वेगळं. सेबोल्टच्या सेकंदांना ४.६३ ने भागा की सेंटिस्टोक मिळतात, असं सर्रास सांगितलं जातं. जाड तेलाला हे लागू पडतं. पातळ तेलाला नाही. ४० सेकंदांना ४.६३ ने भागलं तर ८.६ येतात, खरं उत्तर सव्वाचारच्या आसपास. दुप्पट चूक! कारण पातळ द्रव भोकातून उतरताना वेळ श्यानतेपेक्षा जडत्वावर जास्त अवलंबून राहतो. म्हणून तिथे सूत्रातून एक पद वजा करावं लागतं, किंवा सरळ प्रमाणित तक्ता बघावा.

आता एकच तेल जवळून पाहू. आयएसओ व्हीजी (व्हिस्कॉसिटी ग्रेड, म्हणजे श्यानतेचा दर्जा) ४६ हा हायड्रॉलिक तेलाचा नेहमीचा ग्रेड. ४० अंशांना ४६ सेंटिस्टोक, अधिक-उणे १० टक्के, म्हणजे ४१.४ ते ५०.६. सेबोल्टचा जुना आकडा १०० अंश फॅरेनहाइटला दिलेला असतो, म्हणजे ३७.८ अंश सेल्सिअस. फरक जेमतेम सव्वादोन अंशांचा. पण नेहमीचं खनिज तेल तेवढ्यात ४६ वरून ५१ च्या आसपास चढतं. सेबोल्टवर ते साधारण २३७ सेकंद दाखवेल. कुणी त्याचं रूपांतर अगदी अचूक केलं, ५१ आणलं आणि ४० अंशांच्या रकान्यात लिहिलं, की उत्तम तेल ग्रेडबाहेर! गुणाकार बिनचूक, निकाल चुकीचा. घनतेचं तसं नाही. ती या सव्वादोन अंशांत जवळपास हलत नाही. १५ अंशांना ०.८७० असलेलं तेल ४० ला ०.८५४ पर्यंत उतरतं, म्हणून १५ अंशांच्या घनतेने आलेल्या ४० सेंटिपॉइजऐवजी डायनॅमिक श्यानता ३९.३ येते. ही दोन टक्क्यांची चूक बहुतेक ठिकाणी चालून जाते. माझं मत विचाराल तर घनतेवर घासाघीस करण्यापेक्षा तापमानाच्या रकान्याकडे आधी बघावं.

चिठ्ठीवर एक प्रश्न आला आहे. रंगाचे कपातले सेकंद (तळाला भोक असलेला कप रिकामा व्हायला लागलेला वेळ) आहेत, सेंटिपॉइज हवेत, गुणक कोणता? असा गुणक नाही. तेल तुम्ही हळू ढवळा की जोरात, त्याची श्यानता तीच राहते. बरेचसे रंग ढवळताना पातळ होतात आणि थांबलं की पुन्हा जाड. कप त्यांना एका वेगाने वाहवतो, फिरत्या स्पिंडलचं, म्हणजे द्रवात फिरणाऱ्या दांड्याचं, उपकरण दुसऱ्याच वेगाने. त्यामुळे दोन्ही आकडे खरे असूनही एकातून दुसरा काढता येत नाही. तुम्हाला सेंटिपॉइज लागतच असतील, तर तोच नमुना फिरत्या उपकरणावर मोजून घ्या आणि आकड्याशेजारी स्पिंडलचा क्रमांक, फेरे आणि तापमान लिहून ठेवा. पुढचा प्रश्न?