उघड्या खिडकीचा स्टुडिओ

(दृश्य: अंधारी खोली. काळा कपडा ओढून काढला जातो. धूळ उडते, उजेड आत येतो.)

ही खिडकी कित्येक वर्षं उघडलेली नाही. आतून काळा कपडा, कपड्यामागे पुठ्ठा, पुठ्ठ्याच्या कडांना तपकिरी चिकटपट्टी. सांगलीत मारुती रोड, हरभट रोडच्या आसपास जे जुने फोटो स्टुडिओ आहेत, त्यांच्या आतल्या खोल्या अशाच असतात. पूर्वी फोटो मोठ्या बल्बांवर निघायचे. बाहेरचा उजेड त्यात मिसळला की चेहरा एका बाजूने पिवळा आणि दुसऱ्या बाजूने निळा दिसायचा, म्हणून खिडक्या बुजवल्या. पुढे फ्लॅश आला, फिल्म गेली, डिजिटल आलं. बुजवलेली खिडकी उघडायचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

करोनाच्या साथीत संपूर्ण स्टुडिओत ही आतली खोली जास्त धोक्याची होती. रेशनच्या रांगेत, बँकेत, औषधाच्या दुकानात मास्क लावून काम भागायचं. फोटोला तो काढावाच लागायचा. दार बंद, खिडकी बंद, एसी चालू, आणि समोरासमोर दोन माणसं, त्यातल्या एकाचं तोंड उघडं. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो. आजारी माणसाच्या श्वासातले बारीक कण अशा खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. ते गिऱ्हाईक फोटो घेऊन घरी गेलं, तरी त्याचा श्वास पुढच्या गिऱ्हाइकासाठी खोलीतच असतो.

(दृश्य: कॅमेऱ्याचा मागचा पडदा. आकडे दिसतात. क्लिक. पडदा काळा.)

खिडकी उघडली तर फोटो बिघडेल, ही पहिली शंका. ती इथेच फेडून घेऊ. कॅमेरा किती उजेड टिपेल ते ठरवणारे तीन आकडे: शटर 1/125, ॲपर्चर एफ 8, आयएसओ 100. खिडकी सताड उघडी, फ्लॅश बंद. फोटो जवळजवळ काळा आला. आता तेच आकडे ठेवून फ्लॅश चालू.

(दृश्य: त्याच स्टुलावर मदतनीस. फोटो स्वच्छ.)

या आकड्यांवर खोलीतला सावलीचा उजेड फोटोत जवळजवळ उमटतच नाही, सगळं काम फ्लॅश करतो. सांभाळायचं ते थेट उन्हाला. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारनंतर उन्हाची तिरीप आत येते. ती गालावर पडली तर फ्लॅशलाही झाकता येत नाही, पांढरा डाग उठतोच. त्यासाठी बाहेरच्या बाजूला वीतभर अंतर सोडून ताडपत्रीचा उतार बांधला आहे. पावसाची झडही त्याच्यावरच थांबते.

(दृश्य: भिंतीला भोक पाडलं जातंय. सिमेंटची धूळ. पंखा बसतो.)

खिडकीतून हवा आत आली तरी ती बाहेर ढकलायला पंखा लागतो. केवढा पंखा, याचं गणित साधं आहे. ही खोली 12 फूट रुंद, 15 फूट लांब, 10 फूट उंच, म्हणजे 1800 घनफूट, साधारण 51 घनमीटर. खोलीतली हवा तासाला 6 वेळा बदलायची तर तासाला 306 घनमीटर हवा बाहेर गेली पाहिजे. पण एवढ्यावर थांबलं तर गोची होते. तासाला 6 वेळा हवा बदलली तरी आधीच्या माणसाचे 99 टक्के कण जायला 46 मिनिटं लागतात. दोन गिऱ्हाइकांत पाऊण तास सोडून कुणाचाच धंदा चालणार नाही. 12 वेळा बदलली तर 23 मिनिटं लागतात, तेवढं जमण्यासारखं आहे. म्हणजे तासाला 612 घनमीटर हवी. पंख्याच्या खोक्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, झडपा, भिंतीची जाडी यांत त्यातलं बरंच जातं. निम्मंच हाती येईल असं धरून तासाला 1225 घनमीटर किंवा त्याच्या वरचा पंखा घ्यावा.

आता तो बसवायचा कुठे? इथेच बहुतेकांचं चुकतं.

(दृश्य: उदबत्ती पेटते. धुराची रेघ. जवळून.)

या खोलीत पंखा आधी दारालगत बसवला होता, कारण वायर तिथे जवळ होती. उदबत्ती धरून बघा. दारातून आलेली हवा तशीच वळून पंख्यातून निघून गेली, आणि स्टुलाजवळचा धूर जागचा हलला नाही. पंखा फिरतोय, आवाज करतोय, बिल येतंय, आणि जिथे माणूस मास्क काढून बसतं तिथली हवा शिळीच.

मग पंखा समोरच्या भिंतीवर नेला, पडद्यामागे, सहा फुटांवर. पंखा सुरू झाल्यावर पडदाच आत ओढला गेला. बघा, शिडासारखा फुगलाय. निळ्या बॅकग्राउंडवर सावलीच्या घड्या, आणि हवा अडलेली ती अडलेलीच.

(दृश्य: पंखा पडद्याच्या कांबीच्या वर. उदबत्ती स्टुलाजवळ. धूर वर चढून मागे जातो.)

आता पडद्याची कांब 8 फुटांवर आहे आणि पंखा तिच्या वर, छताला लागून. पडदा भिंतीपासून दीड फूट पुढे घेतलाय, खालच्या शिवणीत लोखंडाचा जीआय पाइप घातलाय, त्यामुळे तो हलत नाही. माणसाच्या अंगाची ऊब हवा वर नेते, तिथून पंखा ओढतो. उदबत्ती बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर धरायची, साधारण चार फुटांवर, आणि धूर वर जाऊन पडद्यावरून मागे जातोय ना ते बघायचं. फोटोग्राफर उभा राहतो खिडकीच्या आणि दाराच्या बाजूला. ताजी हवा आधी त्याला लागते, मग गिऱ्हाइकाला, मग बाहेर. सांगलीसारख्या नाट्यपंढरीत पडदा कसा टांगावा हे शिकवायची गरज नव्हती. तो वाऱ्याच्या हिशेबाने टांगावा लागेल, हे मात्र या साथीने शिकवलं.

छताचा पंखा बंद ठेवायचा.

(दृश्य: छताचा पंखा फिरतो, धूर खोलीभर पसरतो.)

का, ते दिसतंच आहे. टेबलफॅन लावायचाच असेल तर तो खिडकीजवळ, तोंड पडद्याकडे. गिऱ्हाइकाच्या मागून फोटोग्राफरकडे वारा कधीही नको. लाइट गेली तर दार-खिडकी उघडी ठेवायची, सगळ्यांनी बाहेर यायचं आणि थांबायचा वेळ दुप्पट धरायचा.

खोलीत कार्बन डायऑक्साइडचा मीटर ठेवता आला तर उत्तम. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत 400 च्या थोडा वर असतो. खोलीत 800 च्या आत राहिला तर हवा नीट खेळतेय असं समजायचं. घरातल्या पाच-सहा जणांचा ग्रुप फोटो असला की आकडा चढताना डोळ्यांना दिसतो. हजाराच्या पुढे गेला की काम थांबवून सगळ्यांनी बाहेर.

(दृश्य: जमिनीवर पांढऱ्या पट्ट्या. टेप ताणला जातो.)

आता अंतर. छोट्या स्टुडिओत क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा कॅमेरा आणि 50 मिलिमीटरची लेन्स ही नेहमीची जोडी. हाफ फोटोसाठी त्यावर चार-साडेचार फुटांवर उभं राहावं लागतं. साथीतला सहा फुटांचा नियम तिथेच मोडायचा. तोच फोटो, तेवढाच चेहरा 85 च्या लेन्सने सात-साडेसात फुटांवरून निघतो. 15 फुटांच्या खोलीत ते बरोबर बसतं: भिंतीपासून पडदा दीड फूट, पडद्यापासून स्टूल चार फूट, तिथून कॅमेरा सात फूट, आणि फोटोग्राफरच्या पाठीमागे अडीच फूट उरतात. लांबून काढल्यामुळे नाकही मोठं दिसत नाही. हा फायदा साथीशिवायचा आहे.

फोटोग्राफरला मास्क एन 95 हवा, झडपेचा नको. झडपेतून त्याचा स्वतःचा श्वास न गाळताच बाहेर पडतो. मास्क वरून सैल असेल तर श्वासाची वाफ व्ह्यूफाइंडरवर, म्हणजे डोळा लावायच्या काचेवर, जमते आणि फोकस दिसत नाही. नाकावरची तार दाबून वर कागदी टेपची पट्टी लावली की वाफ थांबते. फेसशिल्ड घातली तर डोळा कॅमेऱ्याला लागतच नाही, तेव्हा कॅमेरा तिपाईवर लावून लाइव्ह व्ह्यू वापरायचा, म्हणजे मागच्या पडद्यावरच बघायचं.

(दृश्य: बाहेरची पायरी. एक काकू मास्क लावून बसल्या आहेत. फोटोग्राफर दारात उभा.)

"काकू, आत गेल्यावर मास्क काढला की बोलायचं नाही बरं का. मी हात वर केला की हनुवटी वर घ्यायची, खाली केला की खाली. मूठ मिटली की तसंच थांबायचं."

हे सगळं मास्क तोंडावर असतानाच सांगून होतं, कारण बोलताना गप्प बसण्यापेक्षा कितीतरी जास्त कण बाहेर पडतात. मास्कच्या तारेचा नाकावर आणि दोरीचा गालावर लाल वळ उठतो. पासपोर्टच्या फोटोत तो संगणकावर पुसणं योग्य नाही. म्हणून आत येण्याआधी पाच मिनिटं इथेच, मोकळ्या हवेत, इतरांपासून लांब बसून मास्क काढायचा आणि आत शिरताना पुन्हा लावायचा. वळ तेवढ्यात उतरतो.

(दृश्य: काकू स्टुलावर, मास्कसह. फ्लॅश. मग मास्क कानावरून सुटतो, कागदी पाकिटात जातो. हाताची खूण. मूठ. फ्लॅश, फ्लॅश, फ्लॅश.)

लाइट आणि फोकस मास्क असतानाच लावून झाले होते. मास्क निघाला, तीन फोटो झाले, मास्क परत लागला. वीस सेकंद.

पूर्वी फोटोग्राफर पुढे होऊन दोन बोटांनी हनुवटी वळवायचा, काकूंचा पदर सारखा करायचा. आता कॅमेऱ्याशेजारी हा उभा आरसा आहे. काकू स्वतःच पदर नीट करतायत.

(दृश्य: आरशाला सुतळीने बांधलेली फणी. जवळून. सुतळी कापली जाते.)

ही सगळ्यांची फणी. शेजारी पावडरचा डबा आणि एकच पफ. आणि हा कोट.

(दृश्य: खुंटीवरचा काळा कोट. कॉलरच्या आतल्या बाजूला पावडरचा थर. पाठीला कपड्यांचे चार चिमटे.)

कॉलेजचे फॉर्म निघाले की हा कोट दिवसभरात कितीजणांच्या अंगावर चढायचा. सगळ्यांना यावा म्हणून मापाने मोठा आणि पाठीमागून चिमटे लावून घट्ट केलेला. इलॅस्टिकचा टाय तयार. फणी आणि पफ टाकून दिले. कोट आता तीन आहेत. ज्या दिवशी वापरला त्या वाराची चिठ्ठी टाचून तो गच्चीवर उन्हात जातो आणि तीन दिवसांनी खाली येतो. मार्च 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हा विषाणू प्लास्टिक आणि स्टेनलेस स्टीलवर 72 तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर 24 तासांपर्यंत तग धरून दिसला होता. मोठा धोका हवेतून आहे हे पुढे स्पष्ट होत गेलं. तरी दुसऱ्याच्या घामाचा कोट न घालणं केव्हाही बरंच. घरून स्वतःचा शर्ट-कोट आणायला सांगितलं तर उत्तम.

सुरुवातीच्या महिन्यांत पुसण्या-फवारण्याचा जो अतिरेक झाला, त्यात सामान खराब झालं.

(दृश्य: लाइटचा स्टँड. ॲल्युमिनियमवर पांढरे डाग. स्क्रू फिरत नाही.)

हे ब्लीचचं काम. सोडियम हायपोक्लोराइट फरशीसाठी आहे: बाजारातलं 5 टक्क्यांचं एक माप, पाणी चार मापं, झालं 1 टक्क्याचं द्रावण. धातूला ते खातं. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये ते कधीच मिसळू नये, क्लोरीन वायू निघतो. स्टँड, फ्लॅशचा ट्रिगर, स्टूल यांच्यासाठी 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही कपड्यावर घेऊन पुसायचं. कॅमेऱ्यावर थेट फवारलं तर बटणांतून आत उतरतं, आणि ग्रिपचं रबर पुढे चिकट होतं. लेन्सच्या काचेला गिऱ्हाइकाचा हात लागत नाही, तिला रोज अल्कोहोलची गरज नाही. हात सॅनिटायझरने ओले असताना प्लगला किंवा तापलेल्या बल्बला हात लावू नये. ते पेट घेतं. माणसांवर फवारणीचे बोगदे लावू नयेत, असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने एप्रिल 2020 मध्येच सांगितलं होतं.

खिडकी उघडी ठेवल्यावर एक काम मात्र वाढतं. आषाढ-श्रावणातली दमट हवा आत येते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेलं होतं. ते ओसरल्यावर लेन्समध्ये बुरशी कशी जाळं विणते, ते इथल्या फोटोग्राफरांनी पाहिलं आहे.

(दृश्य: घट्ट झाकणाचा डबा. निळे-गुलाबी दाणे तव्यावर.)

काम संपलं की लेन्स लगेच या डब्यात, सिलिका जेलसोबत. दाणे निळे तोवर ठीक. गुलाबी झाले की मंद आचेवर परतायचे, निळे होतात. डब्यातली आर्द्रता 40 ते 50 टक्के.

लग्नसराई दोन वर्षं बुडाली. एप्रिल 2021 मध्ये तर लग्नाला 25 माणसं आणि 2 तास, एवढीच परवानगी होती. कॅमेरे विकले गेले.

(दृश्य: भिंतीला टेकवलेल्या तसबिरी. एकामागे एक. कॅमेरा सावकाश सरकतो.)

त्या उन्हाळ्यात स्टुडिओंकडे आलेलं काम हे होतं. दहाव्याला ठेवायचा फोटो. बहुतेक फोटो मोबाइलवरून यायचे, कुठल्यातरी बारशाच्या घोळक्यातून कापून काढलेले. 8 बाय 12 इंचांच्या चांगल्या प्रिंटला 2400 बाय 3600 पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला 1600 पिक्सेलच्या आसपास येतो, आणि त्यातला एकच चेहरा कापला तर हाती काही शे पिक्सेल उरतात. डोळ्यांच्या जागी धूसर ठिपके. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ आकारात पोचतो. हे काम घरबसल्या होतं, स्टुडिओत कुणाला यावं लागत नाही. तरी काही घरांत धड एकही फोटो नव्हता. आधार कार्डावरचा मोठा करावा लागला.

(दृश्य: भिंतीवरचं घड्याळ. पंख्याचा आवाज. रिकामं स्टूल.)

काकू गेल्या त्याला 23 मिनिटं झाली. मदतनीस स्टूल पुसतो, खिडकी उघडी धरणारा आकडा लागलाय ना ते बघतो. बाहेर पायरीवर एक आजोबा आणि त्यांची नात. शिष्यवृत्तीच्या फॉर्मला फोटो हवाय.

"या आजोबा. आधी तिला येऊ दे आत. तुम्ही दारातून बघा."